तीन गावं, एक माळरान आणि आमची रिमोट टीम

आमच्या टीमचे किस्से मी कधी जमवले नाहीत. धर्मापुरीच्या आमच्या मुरमाड रानातले धोंडे दरवर्षी वेचून बांधावर टाकायचे आणि पुढच्या नांगरटीला तेवढेच पुन्हा वर यायचे, तसं या किश्श्यांचं आहे. एक सांगितला की त्याच्याखाली दोन निघतात. सध्या मी पुण्यात कंपनीच्या ऑफिसात बसतो. एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, खुर्ची गोल फिरते. किस्सा म्हणावा असं मात्र महिना-महिना काही घडत नाही.

मागच्या आठवड्यात आम्हा मॅनेजर लोकांना ट्रेनिंग होतं. विषय, रिमोट टीम सांभाळण्याबद्दलचे गैरसमज. ट्रेनर टाय लावून आला होता आणि मन लावून शिकवत होता. स्लाइडवर एकेक गैरसमज यायचा आणि मला एकेक माणूस आठवायचा. शेवटी त्याने मला विचारलं, “सर, काही चुकलं का माझं? तुम्ही हसताय.” मी म्हटलं, तुमचं काही नाही चुकलं, मला घरची आठवण आली.

आमची कंपनी सोलर पंप विकते. पंप बंद पडला की शेतकरी हेल्पलाइनला फोन लावतो आणि तो फोन उचलायचो आम्ही चौघं, आपापल्या घरून. मी धर्मापुरीत. बाळू सिरसाळ्यात, लग्नाचा. बिरू मेंढपाळाच्या घरातला, त्यामुळे त्याचा पत्ता म्हणजे मेंढरं असतील ते माळरान. आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडा नावाच्या गावात, सुनंदाताई. त्या वयाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या डोक्यावर पुण्याच्या रेवती मॅडम.

दिवाळीनंतर मॅडमनी मला कळवलं की तुम्हाला पुण्याला यायचंय. तुमच्या जागी टीममधलं कुणी लीड झालं तर टीम राहील, नाहीतर काम पुण्याला हलवून टीम बंद करू. मला झोप येईना. पण ते पुढे सांगतो, आधी हे बाकीचे ऐका.

*

पहिला गैरसमज, कॅमेरा चालू असला की माणूस कामावर असतो.

मॅडमनी एकदा फर्मान काढलं, सकाळच्या मीटिंगला सगळ्यांचे कॅमेरे चालू पाहिजेत. बाळूच्या आईला ते कळलं. दुसऱ्या दिवशी बाळू स्क्रीनवर आला तो इस्त्रीचा शर्ट, चापून पाडलेला भांग, मागे दोरीवर नवी कोरी चादर आणि शेजारी घासून लख्ख केलेला तांब्या. आम्हाला वाटलं, घरी काही कार्यक्रम असेल.

मीटिंग अर्धी झाली आणि बाळूच्या खांद्यावरून त्याच्या आईचं डोकं आत आलं. त्यांनी मॅडमना नमस्कार केला. शेती किती, विहिरीला पाणी कुठवर, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाळू टेबलाखाली जायच्या बेतात होता. मॅडम सौम्यपणे म्हणाल्या की आई, ही ऑफिसची मीटिंग आहे.

“माहीत हाय मला,” आई म्हणाल्या. “म्हणून तर तुमाला सांगायले. पोरगं दिवसभर घरी बसतंय म्हून पोरी देईनात कुनी. त्याला जरा हापिसात बसवा, निदान लगीन होईस्तोर.”

मॅडमनी कॅमेऱ्याचा नियम त्याच आठवड्यात मागे घेतला, तोवर रेंजमुळे सुनंदाताईंचा कॅमेरा काही सुरू झाला नव्हता. बाळूच्या डोक्यात मात्र तेव्हापासून पुणं शिरलं ते शिरलंच.

*

दुसरा गैरसमज आवाजाचा. फोनवर आजूबाजूचा आवाज आला की कंपनीची इज्जत जाते, असं वरच्या लोकांना फार वाटतं.

बिरूच्या फोनवर मेंढरं ओरडायची. कधी कुत्रं भुंकायचं, कधी बिरू बोलता बोलता मध्येच “हाऽऽ” करून एखादी मेंढी वळवायचा. रिपोर्टमध्ये त्याच्या नावापुढे लाल खूण यायची. मग कंपनीने त्याला भारीतला हेडफोन पाठवला. बाहेरचा सगळा आवाज गिळून टाकणारा. बिरूचा आवाज असा स्वच्छ यायला लागला की रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात.

आणि शेतकरी त्याचं ऐकेनात. तो म्हणायचा पॅनलवरची धूळ पुसा, तर समोरचा म्हणायचा, “तुमी एसीत बसून सांगू नका साहेब. पंप बघितलाय का कधी?” असं तीन-चारदा झाल्यावर बिरूने हेडफोन काढून सॅकमध्ये टाकला. पुढचा फोन आला. समोरचा चिडलेलाच होता, पण मध्येच थांबला.

“मेंढरं कुनाची हायेत वो?”

“आमचीच.”

“आस्सं. मग सांगा, काय करायचं म्हन्ता?”

त्या महिन्याचा रिपोर्ट मी जपून ठेवायला पाहिजे होता. आवाजाच्या रकान्यात लाल खूण आणि त्याच्याच शेजारी, ग्राहक अत्यंत समाधानी. मी बिरूला वाचून दाखवला. तो म्हणाला, “मग मेंढरांचं बी अप्रेझल करा की सर.”

*

तिसरा गैरसमज, चांगली स्क्रिप्ट लिहून दिली की कुणीही बोलू शकतं.

आमच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सुनंदाताईंनी ते एकदाच वाचलं. ऐकणारा म्हणाला, दिलगिरी घालू का पिकाला? त्यानंतर त्यांनी स्क्रिप्ट बाजूला ठेवली.

एकदा एका माणसाने फोन लावला तो शिव्यांनीच सुरुवात. पंप बंद, ऊन मरणाचं, माणूस थांबायला तयार नाही. नियमाप्रमाणे असा फोन माझ्याकडे द्यायचा असतो, म्हणून मी लाइनवर आलो. ताईंनी मला बोलूच दिलं नाही.

“दादा,” त्या म्हणाल्या, “आधी तांब्याभर पाणी प्या. मी थांबते.”

तिकडे खरंच भांडं वाजल्याचा आवाज आला.

“प्यालात? आता परत सुरू करा. कुठपर्यंत आलतो आपण?”

पुढचं संभाषण मी नुसतं ऐकलं. पंपाची एक वायर उंदराने कुरतडली होती, एवढंच निघालं. पुढे कितीतरी दिवस हेल्पलाइनला फोन करून तो माणूस पाणी पाजणाऱ्या ताईंनाच द्या म्हणायचा, आणि बाळूने फोन उचलला की ठेवून द्यायचा.

ताई मलाही सोडायच्या नाहीत. मी मीटिंगला एक मिनिट उशिरा आलो की, “या भागवतभाऊ, चहा निवला तुमचा,” असं ठरलेलं. मी लीड आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्यांना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. मला ते आवडायचं.

*

आता हा किस्सा मी ट्रेनिंगमध्ये सांगणार होतो, पण सांगितला नाही. त्यांना पटला नसता.

दुपारी दोन ते चार फोन कमी यायचे. शेतकरी तेव्हा जेवून झाडाखाली आडवा होतो. त्या वेळात आम्ही चौघं एका ग्रुप कॉलवर असायचो. सुरुवात कामाच्या बोलण्याने झाली असेल, आता आठवत नाही. नंतर नंतर बोलणंही होत नसे. लाइन नुसती चालू. मला सिरसाळ्याच्या बाजारातला लाउडस्पीकर ऐकू यायचा, मेंढरांच्या गळ्यातली घंटा यायची, कड्याला कुणीतरी शेंगा फोडत असायचं. माझ्याकडचा पंखा कटकट वाजतो म्हणून ताई तक्रार करायच्या आणि तो बंद केला की विचारायच्या, “कावून बंद केला? बरा वाजत होता.”

एकदा मॅडमनी सिस्टीममध्ये हे पाहिलं. रोज दुपारी दोन तासांचा कॉल, चौघं हजर, आणि बोलणं जवळजवळ शून्य. त्यांनी तातडीची मीटिंग लावली. आवाज जरा कडक होता. अजेंडा काय होता, निर्णय काय झाले, मिनिट्स कुठे आहेत, असं विचारायला लागल्या. मी काहीतरी इंग्रजीत जुळवायच्या तयारीत होतो.

सुनंदाताई आधी बोलल्या. “मॅडम, आमी बसलो होतो.”

मॅडम मग बरं म्हणाल्या आणि कॉल ठेवला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुण्यात आता दुपारचे दोन वाजले की माझं लक्ष अजून फोनकडे जातं. चारी बाजूंनी माणसं आहेत, सगळ्यांच्या कानात हेडफोन आहेत, आणि मला तो शेंगा फोडल्याचा आवाज हवा असतो. वेडेपणा म्हणा हवं तर.

*

घरून काम करणारा माणूस एकटा पडतो, हाही एक गैरसमज स्लाइडवर होता. खरं की खोटं, ते ट्रेनरने नीट सांगितलं नाही. माझ्यापुरतं सांगतो.

घरून काम सुरू झालं आणि मी शहरातून धर्मापुरीला परत आलो तेव्हा गावाने माझा अर्थ सरळ लावला, भागवतची नोकरी गेली. कुणाला परळीला दवाखान्यात न्यायचंय, कुणाचा गॅस आणायचाय, कुणाकडे मयताची माती आहे, सगळीकडे मी. “भागवत मोकळाच हाय,” असं माझे काका स्वतः लोकांना सांगायचे. मी त्यांना समजावलं की काका, मी दिवसभर कामावर असतो. त्यांनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काका माझ्या खोलीच्या दारात पोतं टाकून बसायला लागले. हाक मारायला येईल त्याला परत पाठवायचे आणि तंबाखू मळत माझे फोन ऐकायचे. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला खोळंबता? ते म्हणाले, “दिवसभर मान्सानं एकट्यानं भिताडाशी बोलू न्हाई. बरं दिसत न्हाई.” माझ्या हेडफोनमध्ये अख्खा महाराष्ट्र होता, पण ते त्यांना काही दिसत नव्हतं.

पुण्याला आल्यावर काकांचा फोन आला. तिकडे ठीक हाय ना, जेवण बरं हाय ना, हे झालं. मग त्यांनी विचारलं, “तिथं कोन बसतंय तुझ्याजवळ?”

मी म्हटलं, “लई माणसं हायेत काका इथं. हॉल भरलाय.”

“ते झालं,” काका म्हणाले. “बसतं कोन?”

 मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

*

तर आता टीमचं.

मॅडमनी मला पुण्याला बोलावलं आणि लीड शोधायला सांगितलं, ते वर सांगितलंच. मी आधी बाळूला विचारलं. तो म्हणाला, “सर, मी लीड झालो की जन्मभर घरीच. आई मला जित्ता ठेवायची न्हाई.” त्याने पुण्याच्या दुसऱ्या जागेसाठी अर्जही केला होता. बिरूला विचारलं. त्याने खूप विचार केला आणि मला उलट विचारलं, की आमचा कळप उन्हाळ्यात रेंज नसलेल्या डोंगरात जातो, तेव्हा टीम घेऊन जाऊ का?

राहिल्या सुनंदाताई. खरं तर पहिल्यापासून माझ्या मनात त्याच होत्या. त्यांना विचारलं. कुठल्याही शेतकऱ्याला क्षणात उत्तर देणारी बाई, आणि मला म्हणाली, “बघू, भाऊ.” मी चार दिवसांनी पुन्हा विचारलं. “बघू.” आमच्याकडे पावण्याला नकार द्यायचा असला की हाच शब्द वापरतात, त्यामुळे माझं अवसान गेलं. टीम मोडणार, आणि मोडल्यावर त्यांच्या हातात काय उरणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग तरी असं का, ते मला समजेना.

काका म्हणाले, असली गोष्ट फोनवर होत नसते, समोर बसून बोलावं लागतं. मॅडमही तेच म्हणाल्या. ट्रेनिंगच्या स्लाइडवरही तेच होतं, महत्त्वाचं बोलणं समोरासमोर करा. काकांचं ऐकलं तेव्हा मलाही ते शंभर टक्के पटलं होतं.

म्हणून मी, बाळू आणि बिरू एका रविवारी कड्याला निघालो. अख्खा जिल्हा आडवा ओलांडायचा, बस दोनदा बदलायची. बिरूने ताईंसाठी घोंगडी आणली होती, त्याच्या आजीने विणून घेतलेली. बाळू वाटभर त्यांचा आवाज काढून आम्हाला हसवत होता. आम्ही तिघं लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होतो. ज्या बाईंशी इतकी वर्षं रोज बोललो, त्यांना आज बघणार होतो.

घर मोठं, स्लॅबचं, पुढे पत्र्याची ओसरी. त्यांचे यजमान कारखान्यावर ड्युटीला गेले होते. ओसरीवर सासरे होते, आबा. एकेकाळचे सरपंच, अजूनही भांडणं सोडवायला लोक त्यांच्याकडे येतात, नाहीतर तेच दिवसभर चावडीवर असतात. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं. सासूबाईंनी पाणी आणलं. मग आतल्या दारात एक बाई आल्या, डोक्यावरून पदर, नजर खाली. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आत गेल्या. आवाज नाही.

बाळू माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनी सांगितलं, त्याच असतील.

ऊस झाला, पाऊस झाला, परळीकडचं राजकारण झालं, माझं आजोळ कुठलं ते झालं. शेवटी आबांनीच विषय काढला, कामाचं काय असेल ते मला सांगा. मी सगळं सांगितलं. टीम, लीड, टीम बंद होण्याची गोष्ट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माणूस समजूतदार होता.

“सूनबाईचं काय म्हननं हाय?” त्यांनी विचारलं.

“तेच विचारायला आलोय.”

“मग इचारा की.”

विचारायचं कसं? त्या घरात सासऱ्यासमोर सून बोलत नाही. कुणी मनाई केली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून तसंच चालत आलं होतं, आणि ते आबांनाही मोडता येत नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, “अगं, तिला इचार.” सासूबाई आत गेल्या. मधल्या खोलीतून पलीकडच्या स्वयंपाकघरात. परत आल्या.

“बघू म्हनती.”

ताटं आली. पुरणपोळी केली होती. आम्ही तिघं खाली मान घालून बसलो. इतक्या लांब येऊन मी ताईंना आणखी लांब करून ठेवलं होतं, आणि मला पहिल्यांदा त्या टीमची भयंकर आठवण यायला लागली, टीम समोर बसलेली असताना. बिरूची घोंगडी तशीच पिशवीत होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, सुनंदाताई.

मी आबांकडे पाहिलं. “कामाचा दिसतोय,” आबा म्हणाले. “घ्या.” हात तुपाचे होते, म्हणून मी कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि बाजेवर ठेवला.

“भागवतभाऊ, मी बोलते. पोळी गरम हाय तवर खा आन् खाता खाता ऐका.” तोच आवाज! बाळूच्या तोंडून घास पडला. “लीडचं काम मी घेते. टीम मोडू द्यायची न्हाई. पण दुपारचं दार लावून बसणार. दर पाच मिन्टाला कुनी सूनबाई म्हून हाक मारायची न्हाई, मीटिंगमधी दळन न्हाई, पावण्यांचा चहा न्हाई. हे आबांना सांगायचं धाडस मला होईना म्हून इतके दिवस बघू म्हनत होते. आता तुमी हायेत समोर, तर तुमीच त्यांना सांगा.”

आवाज फोनमधूनही येत होता आणि थोडा थोडा आतूनही. फोन स्पीकरवर आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं, पण तोवर त्यांचं सगळं बोलून झालं होतं. आबांनी घास ताटात ठेवला होता. त्यांनी हात धुतले, उपरण्याला पुसले आणि माझा फोन दोन्ही हातांनी उचलला.

“सूनबाई, आबा बोलतोय.”

आत काहीतरी पडलं.

“दाराचं ऐकलं. लावून घेत जा.”

 आबा फोन खाली ठेवतील म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

“तू एवढं बोलतीस व्हय?”

“रोज बोलते आबा,” आतून आणि फोनमधून आवाज आला. “साऱ्या महाराष्ट्राला माहीत हाय.”

आबा बाजेवर सरकून बसले. फोन त्यांनी कानाला लावला, तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“मग मला बी सांग की काहीतरी.”

“काय सांगू?”

“काय बी,” आबा म्हणाले. “हाय मी बसलेला.”

आम्ही तिघं ताटावरून उठलो, हात धुतले आणि फोन तिथंच ठेवून अंगणात जाऊन उभे राहिलो.